नेटवर्कवरची शिरगणती

अमेरिकेतल्या पॅसाडेना इथली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी म्हणजे नासासाठी मंगळावर गाड्या उतरवणारी संस्था. एप्रिल २०१८मध्ये तिथल्या लोकांच्या लक्षात आलं, की कुणीतरी परका आपल्या नेटवर्कमध्ये वावरतो आहे. तपासात कळलं, की तो सुमारे दहा महिने आत होता. २३ फायलींमधली जवळपास ५०० मेगाबाइट माहिती त्याने नेली, आणि त्यातल्या दोन फायली मंगळ मोहिमेसंबंधीच्या, निर्यात-नियंत्रण कायद्याखाली येणाऱ्या होत्या. धास्ती अशी पसरली, की ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरने लॅबोरेटरीशी असलेली आपली नेटवर्कची जोडणी काही काळ तोडून टाकली. या चोरीत वापरलं गेलेलं साधन होतं रास्पबेरी पाय. एटीएम कार्डाएवढा आणि तेव्हा पस्तीसेक डॉलरला मिळणारा हा छोटा संगणक तपासणी आणि परवानगीशिवाय नेटवर्कला जोडलेला होता.

नासाच्या महानिरीक्षकांनी जून २०१९मध्ये या प्रकरणावर अहवाल दिला. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हल्लेखोराविषयीचा नाही, यादीविषयीचा आहे. नेटवर्कवर काय-काय जोडलेलं आहे याची नोंद ठेवणारा डेटाबेस संस्थेकडे होता, पण तो अपुरा होता. तपासलेल्या यंत्रणांच्या अकरा प्रशासकांपैकी आठ जण आपापली वेगळी स्प्रेडशीट ठेवत आणि अधूनमधून तिच्यातली माहिती हाताने डेटाबेसमध्ये भरत. एका प्रशासकाने सांगितलं, की नवीन उपकरण आलं की नोंद करायची असते, पण ती सोय कधीकधी चालत नाही आणि मग नंतर करू म्हणून राहून जातं.

आपल्याकडच्या कुठल्याही पतसंस्थेत, इस्पितळात किंवा एमआयडीसीतल्या कारखान्यात हेच वाक्य ऐकायला मिळेल. फरक एवढाच, की तिथे नोंदीचा नियम मोडला म्हणून कुणीतरी जाब विचारला.

आपल्याकडेही नियम आहेत. पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८मध्ये सायबर दरोडा पडला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. महाराष्ट्र हे नागरी सहकारी बँकांचं माहेरघर. देशातल्या सर्वाधिक नागरी बँका इथे आहेत, त्यामुळे तो धक्का घराघरांत बसला. त्यानंतर १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट ठरवणारं परिपत्रक काढलं. त्याच्या जोडपत्रातली अगदी पहिली बाब फायरवॉल नाही, अँटिव्हायरस नाही, पासवर्डही नाही. पहिली बाब आहे मालमत्तेची अद्ययावत नोंदवही: कोणतं हार्डवेअर, कोणतं सॉफ्टवेअर, कोणती नेटवर्क उपकरणं, ग्राहकांची माहिती नेमकी कुठल्या यंत्रावर साठवलेली आहे, आणि त्यातलं कोणतं किती महत्त्वाचं. सायबर सुरक्षेसाठी जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या सीआयएस कंट्रोल्सचा क्रमही असाच आहे. पहिलं कलम उपकरणांच्या यादीचं, दुसरं सॉफ्टवेअरच्या यादीचं, बाकी सगळं त्यानंतर. हा क्रम उगीच नाही. जे यंत्र आपल्याला माहीतच नाही त्यावर अपडेट टाकता येत नाही, अँटिव्हायरस बसवता येत नाही, आणि ते चोरीला गेलं तरी कळत नाही.

सरकारी कार्यालयांत आणि शाळांमध्ये जडवस्तू संग्रह नोंदवही असते, सगळे तिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. खुर्चीच्या पाठीवर रंगाने लिहिलेला क्रमांक तिथून येतो. खुर्चीसाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण खुर्ची दहा वर्षं खुर्चीच राहते. संगणक राहत नाही. मार्चएंडला ऑडिटसाठी एक्सेलमध्ये यादी तयार होते, आणि जूनपर्यंत तिच्यातल्या कित्येक ओळी खोट्या ठरलेल्या असतात. देखभालीचं कंत्राट असलेल्या एएमसीवाल्याने एका मशीनची रॅम काढून दुसऱ्यात घातलेली असते. व्यवस्थापकांचा लॅपटॉप घरी असतो. कॅमेरेवाल्याने डीव्हीआर बसवताना कोपऱ्यातल्या स्विचमध्ये केबल खोचलेली असते आणि त्याची नोंद बिलाखेरीज कुठेही नसते. वायफाय पोचत नाही म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणून लावलेला असतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. प्रत्येकाने आपलं काम अडू नये म्हणून केलेली ती सोय असते. पण माणसाने हाताने भरायची नोंदवही या वेगाला पुरी पडत नाही, म्हणून ही मोजणी सॉफ्टवेअरकडे सोपवायची.

सॉफ्टवेअर मोजतं कसं, हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयाचं नेटवर्क १९२.१६८.१ने सुरू होणारं आहे. त्यात जास्तीत जास्त २५४ पत्ते वाटता येतात. मोजणारा प्रोग्रॅम प्रत्येक पत्त्याची हाक देतो: १७ क्रमांकाचा पत्ता कुणाकडे आहे? ज्या यंत्राकडे तो पत्ता असेल ते उत्तर देतं आणि उत्तरासोबत आपला मॅक क्रमांक सांगतं. या हाकेचा शिष्टाचार, म्हणजे एआरपी, १९८२ सालापासून चालत आलेला आहे. विंडोजची फायरवॉल पिंग या साध्या विचारणेला सहसा उत्तर देत नाही, त्यामुळे नुसत्या पिंगवर विसंबलेली मोजणी निम्मी यंत्रं बंद आहेत असं समजते. एआरपीला मात्र उत्तर द्यावंच लागतं. ते दिलं नाही तर त्या यंत्राला शेजारच्या कुणाशीही बोलता येणार नाही.

मॅक क्रमांक ४८ बिटांचा असतो आणि त्यातले पहिले २४ बिट सहसा उत्पादकाला आयईईई या संस्थेने दिलेले असतात. त्यामुळे काही सेकंदांत पडद्यावर पहिली यादी उमटते: हा डेल, हा एचपी, हा प्रिंटर, हा कॅमेऱ्याचा डीव्हीआर, आणि हा कुठल्याशा कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा. प्रथमच अशी मोजणी करणाऱ्या कार्यालयात याच क्षणी सगळे पडद्याभोवती गोळा होतात, कारण यादीतले आकडे आणि नोंदवहीतले आकडे जुळत नाहीत. यादी बहुधा मोठी निघते.

पुढची पायरी म्हणजे दारं वाजवून पाहणं. ४४५ क्रमांकाचं पोर्ट उघडं असेल तर ते बहुधा विंडोज, २२ उघडं असेल तर लिनक्स किंवा नेटवर्कचं उपकरण, ५५४ असेल तर कॅमेरा, ९१०० असेल तर प्रिंटर. हे काम करणारा सर्वांत नावाजलेला प्रोग्रॅम एनमॅप. गॉर्डन लायन यांनी तो सप्टेंबर १९९७मध्ये प्रसिद्ध केला, आणि आजही तो मोफत मिळतो. त्याच्यातली एक खबरदारी मला फार आवडते. पोर्टवर कोणता प्रोग्रॅम आहे हे ओळखायला एनमॅप वेगवेगळे संदेश पाठवून पाहतो. पण काही प्रिंटरांच्या ९१०० पोर्टवर काहीही पाठवलं तरी ते निमूटपणे छापतात, आणि कागदामागून कागद अगम्य अक्षरांनी भरून बाहेर पडतात. म्हणून या ओळखपरेडीत एनमॅप ९१०० ते ९१०७ ही पोर्टं मुळातच वगळतो. प्रिंटरचं निदान कागदावर निभावतं. कारखान्यातल्या यंत्रांना जोडलेले जुने नियंत्रक अशा धडाधड प्रश्नांनी अडकून पडू शकतात, म्हणून चालू पाळीत त्या भागाची मोजणी कधीही करू नये.

एआरपीची हाक एकाच नेटवर्कच्या भिंतीपर्यंत ऐकू जाते. तालुक्याच्या शाखेतले संगणक मुख्य कार्यालयातून असे दिसणार नाहीत. तिथे वेगळा मोजणारा ठेवावा लागतो किंवा दुसरी पद्धत वापरावी लागते.

आतापर्यंत फक्त यंत्र आहे एवढं कळलं. त्याच्या आत काय आहे हे कळायला यंत्राने स्वतः सांगावं लागतं. विंडोजमध्ये यासाठी डब्ल्यूएमआय नावाची व्यवस्था असते. योग्य अधिकाराने विचारलं तर ती मदरबोर्डचा सीरियल क्रमांक, रॅमच्या कुठल्या खाचेत किती जीबी, डिस्क कोणती, विंडोजची नेमकी कोणती आवृत्ती, शेवटचं अपडेट कधी बसलं, हे सगळं सांगते. प्रिंटर, स्विच, यूपीएस यांच्याशी एसएनएमपी नावाच्या शिष्टाचाराने बोलता येतं. प्रिंटर आतापर्यंत किती पानं छापली तेही सांगतो. नेटवर्कवरून विचारण्याच्या या पद्धतीला एजंटशिवायची मोजणी म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे एजंट, कायमचा बसवतात. तो साधारण रोज एकदा आपल्या यंत्राची माहिती गोळा करून मध्यवर्ती सर्व्हरला कळवतो. घरी गेलेला लॅपटॉप, शाखेतला संगणक, रात्री बंद असलेलं मशीन या सगळ्यांसाठी एजंटच बरा, कारण तो यंत्राबरोबर फिरतो. पण ज्या यंत्रावर तो बसवलाच नाही ते त्याला कधीच दिसणार नाही, आणि धोका तर तिथेच असतो. म्हणून दोन्ही लागतात: ओळखीच्या यंत्रांसाठी एजंट, अनोळखी यंत्रं शोधायला नेटवर्कवरची हाक.

साधनं पुष्कळ आहेत. ओसीएस इन्व्हेंटरी आणि जीएलपीआय हे दोन्ही प्रकल्प मूळचे फ्रान्समधले, मुक्तस्रोत आणि मोफत. जीएलपीआयमध्ये २०२२च्या दहाव्या आवृत्तीपासून एजंटकडून येणारी माहिती घेण्याची सोय आतच आली, त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्या छोट्या कार्यालयाला मी तेच सुचवेन. स्नाइप-आयटी दिसायला देखणं आणि वापरायला सोपं आहे, पण ते नेटवर्क स्वतः शोधत नाही. ती एक चांगली नोंदवही आहे, मोजणारा नव्हे. विकत घ्यायचं तर बेल्जियममधलं लॅनस्वीपर किंवा चेन्नईच्या झोहोचा मॅनेजइंजिन विभाग यांची साधनं आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिसतात. कोणतं घ्यावं यावर लोक महिनोन्महिने घालवतात. खरं तर यातलं कोणतंही चालेल, कारण अडचणी येतात त्या पुढे, यादी खरी करताना.

पहिली अडचण आपल्याकडची खास. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेली असेंबल्ड मशीन्स महाराष्ट्रभरच्या कार्यालयांत अजूनही आहेत. ब्रँडेड संगणकाच्या बायॉसमध्ये कंपनी सीरियल क्रमांक लिहून पाठवते. असेंबल्ड मशीनमध्ये तो लिहायचं काम जोडणाऱ्याचं असतं आणि सहसा कुणीच ते करत नाही. मग त्या जागी मदरबोर्ड बनवणाऱ्याने ठेवलेला मजकूर तसाच राहतो: ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’, किंवा नुसतं ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’. मोजणारं सॉफ्टवेअर यंत्राची ओळख सीरियलवरून पटवत असेल, तर त्याला हे सगळे संगणक एकच वाटतात. अकाउंट्सच्या मशीनची माहिती सोमवारी येते, काउंटरच्या मशीनची मंगळवारी, आणि दुसरी पहिलीवर चढते. नंतर कुणी पाहिलं तर एकाच संगणकाचं नाव रोज बदलताना दिसतं. अशी मोडकी सीरियल्स ओळखीसाठी वापरू नयेत, अशी काळ्या यादीची सोय चांगल्या साधनांत असते. ती तपासून घ्यायलाच हवी. आणि अशा मशीनवर आपला क्रमांक छापलेलं स्टिकर चिकटवून तोच क्रमांक संगणकाचं नाव म्हणून द्यावा. नोंदवहीवाल्या हेडक्लार्कची खुर्चीची पद्धत इथे बरोबर उपयोगी पडते.

दुसरी अडचण क्लोनिंगची. एका मशीनवर विंडोज, टॅली, मराठी टायपिंग असं सगळं बसवून त्या डिस्कच्या प्रती इतर मशीनवर उतरवतात. एजंट आधीच बसवलेला असेल तर त्याचा स्वतःचा ओळख क्रमांकही प्रतीबरोबर जातो, आणि पुन्हा अनेक यंत्रं एकच होऊन बसतात. एजंट नेहमी प्रती काढून झाल्यावर बसवायचा.

मॅक क्रमांकावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. पातळ लॅपटॉपला केबलची खाच नसते, म्हणून यूएसबीचं अडॅप्टर लावतात. मग जो क्रमांक दिसतो तो अडॅप्टरचा, आणि अडॅप्टर टेबलावरून टेबलावर फिरत राहतं. मोबाइलची गोष्ट याहून वेगळी. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून आणि २०२०च्या आयओएस १४पासून फोन वायफायला जोडताना सहसा आपला खरा मॅक क्रमांक देत नाहीत, प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट क्रमांक वापरतात. माणसाचा खासगीपणा जपायला ते योग्यच आहे. कार्यालयाने त्यावर उपाय म्हणून फोनचं वायफाय कामाच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवावं. म्हणजे कामाच्या बाजूला जे दिसेल ते मोजण्याजोगंच असेल.

सॉफ्टवेअरची यादी करणं याहून किचकट. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये दिसणारी प्रोग्रॅमची यादी रजिस्ट्रीतल्या एका ठरावीक जागेवरून येते, आणि बहुतेक साधनं तिथूनच वाचतात. काही हौशी लोक त्याऐवजी डब्ल्यूएमआयला विन३२ प्रॉडक्टची यादी मागतात. ते टाळावं: ती मागितली की विंडोज एमएसआयने बसवलेला प्रत्येक प्रोग्रॅम तपासायला लागते, काही वेळा परस्पर दुरुस्तही करते, आणि भर दुपारी काउंटरवरची मशीन्स रेंगाळतात. रजिस्ट्रीतही सगळं सापडत नाही. जे प्रोग्रॅम फक्त एका वापरकर्त्यापुरते बसतात त्यांची नोंद त्या वापरकर्त्याच्या कप्प्यात असते. आणि जे न बसवता नुसते डबल-क्लिकने चालतात त्यांची नोंद कुठेच नसते. दुरून मशीन हाताळू देणारे एनीडेस्कसारखे प्रोग्रॅम असे न बसवताही चालतात. टॅलीची अडचण सोडवायला, प्रिंटर जोडायला, कॅमेरे पाहायला बाहेरची माणसं ते वापरतात आणि फाइल तशीच डाउनलोडच्या फोल्डरमध्ये राहते. तुमच्या कार्यालयात बाहेरून शिरायची किती दारं आहेत, याचं उत्तर अशा फायलींत असतं. म्हणून बसवलेल्या प्रोग्रॅमबरोबर चालू असलेल्या प्रोग्रॅमचीही माहिती घेणारी पद्धत निवडावी.

एका मशीनवरच्या एका प्रोग्रॅमने काय होऊ शकतं, हे न्हावा-शेव्याने पाहिलं आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. जहाज-वाहतूक करणाऱ्या मेर्स्क कंपनीच्या ओडेसातल्या कार्यालयात एका वित्त अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून ते सॉफ्टवेअर केवळ एका संगणकावर बसवलेलं होतं, असं ‘वायर्ड’ मासिकाने नंतर सविस्तर लिहिलं. तेवढं पुरलं. मेर्स्कची जगभरची यंत्रणा झोपली आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही त्यात सापडलं. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा नव्याने उभे करावे लागले, आणि तिने स्वतः जाहीर केलेला तोटा २५ ते ३० कोटी डॉलरचा होता. कुठल्या मशीनवर कुठलं बाहेरचं सॉफ्टवेअर आहे याची यादी असती म्हणून हा हल्ला टळला असता, असं मी म्हणणार नाही. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर असलेलं मशीन बाकीच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवायचं ठरवायला आधी ते मशीन कोणतं हे माहीत असावं लागतं.

त्याच वर्षीच्या इक्विफॅक्सच्या प्रकरणात यादीचा अभाव आणखी थेट दिसतो. अमेरिकेतली ही लोकांची पतविषयक माहिती ठेवणारी संस्था. ७ मार्च २०१७ रोजी अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधलं एक गंभीर छिद्र जाहीर झालं आणि त्याचं ठिगळही मिळालं. संस्थेत चारशेहून अधिक लोकांना ईमेल गेली, की तुमच्याकडे स्ट्रट्स असेल तर तातडीने दुरुस्त करा. पण कुठल्या सर्व्हरवर स्ट्रट्स आहे याची पुरती यादीच नव्हती, आणि शोधायला चालवलेल्या स्कॅनला ते सापडलं नाही. मे महिन्यात हल्लेखोर आत आले, जुलैअखेर ते उघडकीला आलं, आणि १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती तोवर गेली होती. ईमेल वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असणार, की हे आपल्याबद्दल नाही.

डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावाच्या छोट्या घटकात असंच छिद्र निघालं, तेव्हा अडचण आणखी खोल होती. तो घटक दुसऱ्या प्रोग्रॅमांच्या पोटात असतो, त्यामुळे बसवलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत त्याचं नावच येत नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्याने आत काय-काय घातलं आहे याची घटकसूची द्यावी, ही मागणी त्यानंतर आणखी जोराने होऊ लागली, आणि आपल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनेही तिच्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पुढच्या वेळी सॉफ्टवेअरच्या करारात ही अट घालून पाहावी.

सध्या मात्र सगळ्यांना भेडसावणारा प्रश्न साधा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार थांबवला. वाढीव अपडेट पैसे भरून काही काळ मिळतात, पण ती तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. तुमच्या कार्यालयातली किती मशीन्स बदलायची, किती नुसती अद्ययावत करायची आणि किती टाकून द्यायची? हा प्रश्न एएमसीवाल्याला विचारला तर तो सगळी बदला म्हणेल. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्याकडेही माहिती नसते. यादी असेल तर प्रोसेसर आणि टीपीएमच्या रकान्यावर गाळणी लावून दोन मिनिटांत उत्तर मिळतं, आणि संचालक मंडळापुढे खरा आकडा ठेवता येतो.

परवान्यांचंही तसंच. स्वामित्व हक्क कायद्याच्या ६३-ब कलमानुसार सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कुठल्या मशीनवर काय आहे हे स्वतःच आधी पाहिलेलं बरं. बहुतेक ठिकाणी उलटही सापडतं: पैसे भरलेले परवाने कुणी वापरतच नसतं.

यादी आणि तिचं साधन सांभाळणं ही स्वतंत्र जबाबदारी आहे, आणि ती हलक्यात घेतलेली मला पाहवत नाही. सगळ्या यंत्रांची, त्यांच्या कमकुवत जागांसह असलेली यादी चोराच्या हाती गेली तर त्याचं निम्मं काम झालं. डिसेंबर २०२०मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच हल्लेखोरांनी आपला प्रोग्रॅम घुसवल्याचं उघड झालं. ते दूषित अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचलं होतं. विश्वासाने बसवलेला पहारेकरीच फितूर निघावा, असा तो प्रकार. म्हणून मोजणी करणाऱ्या सर्व्हरचा इंटरनेटशी संबंध कमीत कमी ठेवावा, तो नियमित अद्ययावत करावा, आणि त्याचा पासवर्ड बाहेरच्या माणसाकडे राहू देऊ नये. मोजणीसाठी डोमेनच्या सर्वोच्च प्रशासकाचं खातं वापरण्याची सवय फार घातक आहे. ते खातं रोज प्रत्येक मशीनवर जाऊन दार वाजवतं, आणि त्यातलं एक मशीन जरी बाधित असेल तरी तिथे टपून बसलेल्याला सगळ्या संस्थेची किल्ली मिळू शकते. माहिती वाचण्यापुरतेच अधिकार असलेलं वेगळं खातं बनवायला थोडा त्रास पडतो, पण तो घ्यायलाच हवा.

दुसरी जबाबदारी माणसांविषयीची. हेच एजंट थोड्या बदलाने कोण किती वाजता बसलं, कुठली संकेतस्थळं पाहिली, हेही टिपू शकतात. यंत्रांची मोजणी करायला निघून कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवू नये. मशीनवर काय बसवलं आहे आणि कोणती माहिती गोळा होते, हे सूचनाफलकावर मराठीत स्पष्ट लावावं. लोकांचा विश्वास असेल तरच ते स्वतःहून सांगतात, की साहेब, माझ्या टेबलाखाली एक जुना राउटर आहे. आणि मोजणी नेहमी आपल्याच नेटवर्कची, लेखी परवानगीने करावी. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३व्या कलमाखाली येतं, मग हेतू कितीही चांगला असो.

सॉफ्टवेअर जे सांगू शकत नाही ते माणसानेच भरायचं असतं. यंत्र कुणाच्या ताब्यात आहे, कोणत्या खोलीत आहे, त्यावर कोणतं काम चालतं, आणि ते एक दिवस बंद राहिलं तर काय अडेल? हे चार रकाने रिकामे असलेली यादी कितीही लांब असली तरी अपघाताच्या दिवशी उपयोगी पडत नाही. आणखी एक रकाना नेमाने पाहायचा: शेवटचं कधी दिसलं. महिनाभर न दिसलेलं मशीन एकतर कपाटात पडलेलं असतं, नाहीतर चोरीला गेलेलं, नाहीतर त्याचा एजंट बंद पडलेला असतो. तिन्ही गोष्टी कळायलाच हव्यात. भंगारात काढलेलं मशीन यादीतून कमी करताना त्याची डिस्क पुसली की नाही हेही लिहावं, आणि ते अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत.

छोट्या संस्थेला यासाठी वेगळा विभाग लागत नाही. एक जुनं पण धडधाकट मशीन, एक मोफत साधन आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी यादी उघडून पाहणारा एक जबाबदार माणूस एवढं पुरतं. त्या माणसाचं नाव मात्र कार्यालयीन आदेशात लिहा आणि तो रजेवर गेला तर कोण पाहणार तेही लिहा. नाहीतर पॅसाडेनासारखं नंतर करू म्हणून राहून जाईल. पहिली यादी चुकीची निघेल, त्याने नाउमेद होऊ नका. ती कागदावर छापून घ्या, तिच्याबरोबर कार्यालयात फिरा, आणि ज्या ओळीपुढे कुणाचंही नाव लिहिता येत नाही त्या ओळीचा माग काढा. साध्या स्विचमध्ये ते उपकरण कुठल्या खाचेत आहे हे कळत नसेल, तर कामाची वेळ संपल्यावर एकेक केबल काढून पाहा. ज्या उपकरणाचा मालक सापडत नाही, ते त्याच दिवशी नेटवर्कवरून काढून टाका. ते खरंच कामाचं असेल तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारत येईलच, आणि तेव्हा त्याची नोंद करून घेता येईल.